बांधाखालच्या खोल्या

रंभाबाईचा राग सगळ्या वाडीला ठाऊक होता. उरवड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत ही वाडी. तिथं एखादी सून जरा आवाज चढवून बोलली की सासू म्हणायची, "रंभाबाई व्हायचंय का गं तुला?" नवी नवरी म्हणून कोळवण खोऱ्यातून ती इथं आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं एका माणसाची बादली ओढ्यात भिरकावली होती. तो प्यायच्या पाण्याच्या विहिरीवर म्हैस धूत होता. नंतर सासरच्यांनी डोक्याला हात लावला, "अगं, ते पोलीस पाटील हायेत!" रंभाबाई म्हणाली, "मग त्यास्नी तर जास्त कळाय पायजे."

दूध नासलं, ताट फुटलं, पावसानं कांदा सडला, यावर ती कधी चिडली नाही. तिचं डोकं फिरायचं ते एकाच बोलण्यानं, "चालतंय की." शाळेचं छप्पर गळतंय, चालतंय की. रस्त्याचा पूल खचलाय, चालतंय की. आणि नशिबानं नवरा मिळाला कोंडिबा, ज्याच्या तोंडात तंबाखूखालोखाल हेच दोन शब्द असायचे. भला माणूस, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पण धाकटा भाऊ दादासाहेब समोर आला की याची मान आपोआप खाली जायची. दादासाहेब गावचा कारभारी माणूस. ग्रामपंचायतीत कुणीही निवडून येवो, शब्द त्याचाच चालायचा.

दोघा भावांची डोंगरावर पडीक जमीन होती. नुसता काळा कातळ. तिथं आधी खाण आली, मग खडीचा क्रशर, मग वाळू धुवायचा प्लांट. नदीतली वाळू उपसायला बंदी झाली होती, पण माणला आणि हिंजवडीला टॉवर तर उभे राहतच होते. मग दगड दळून वाळू करायची आणि ती पाण्यानं धुऊन विकायची, असा धंदा सुरू झाला. वाळू हायवा डंपरांत भरून निघून जायची. मागे उरायचं ते पिठासारख्या बारीक राखाडी गाळाचं पाणी. ते थेट ओढ्यात सोडलं तर बोंबाबोंब होणार, म्हणून कंपनीनं घळीच्या तोंडाशी बांध घातला आणि गाळ त्याच्यामागे साठवायला सुरुवात केली. प्लांटवरचे लोक त्याला पॉन्ड म्हणत. वाडी म्हणायची, गाळाचं तळं.

ती जमीन भाडेपट्ट्यानं कंपनीला दिली दादासाहेबानं. कोंडिबानं सही केली आणि घरी आल्यावर बायकोला सांगितलं. त्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटली नाही.

बांध म्हणजे काय, तर मुरूम आणि डबर लोटून केलेला लांबट ढीग. तळं भरत आलं की पोकलेन यायचं. कडेला जरा वाळलेला गाळच उकरून काठावर चढवायचं आणि बांध पुरुषभर उंच करून निघून जायचं. पुढच्या साली पुन्हा तेच. खाली मऊ गाळ, त्याच्यावर गाळाचाच बांध, वर आणखी गाळ. वाडीतल्या लोकांना तो दिसत होता, वाढत होता, आणि रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे माणूस बघत नाही, तसं त्यांनी त्याच्याकडे बघणं सोडून दिलं होतं.

त्याच घळीतून खाली येणाऱ्या ओढ्याच्या काठाला रंभाबाईचं भाताचं खाचर होतं. प्लांट सुरू झाल्यावर ओढ्याचं पाणी दुधट झालं, खाचरात राखाडी थर बसायला लागला आणि इंद्रायणी तांदूळ पिकणाऱ्या त्या जमिनीत भात खुरटायला लागला. तेव्हा रंभाबाईनं भांडून भांडून शेवटी तिथं खोल्या बांधल्या. एका ओळीत, विटांच्या भिंती, वर लोखंडी पत्रे. विटा तिनं स्वतः वाहिल्या, पाणी स्वतः मारलं. पिरंगुट-उरवड्याच्या कारखान्यांत कामाला येणारी माणसं तिथं भाड्यानं राहू लागली. कुणी बिहारचे, कुणी ओडिशाचे, कुणी बीडचे. त्यांच्यावरही ती ओरडायचीच, नळ चालू का ठेवला, दारात कचरा का टाकला. पण कुणाला ताप आला तर पेजेचं भांडंही तिच्याच घरून यायचं. शेवटच्या खोलीत वाल्मीक आणि त्याची बायको अपेक्षा राहत होते. वाल्मीक बीडकडचा, वर प्लांटवरच लोडर चालवायचा. अपेक्षा नुकतीच बाळंत झाली होती. मुलगी.

वैशाखातली गोष्ट. डोंगर जळून काळा-तांबडा झाला होता. रंभाबाईची म्हैस दुपारची सुटली आणि तिला शोधत शोधत रंभाबाई घळीत वर गेली. बघते तर म्हैस बांधाच्या पायथ्याशी उभी, आणि पायथ्याला हिरवंगार गवत, पोटरीएवढं. रंभाबाईला आनंदच झाला. ऐन वैशाखात हिरवा चारा! तिनं कमरेचा विळा काढला आणि भारा कापायला बसली. पाय जरा रुतत होते, गवताच्या मुळाशी राखाडी पाणी चुळचुळत होतं. तिनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"मावशी! तिथं बसू नका, वर या."

बांधाच्या अंगावरून एक तरुण पोरगा घसरत-सावरत खाली येत होता. डोक्यावर पिवळी टोपी, हातात फोन. सौरभ त्याचं नाव. प्लांटवर इंजिनिअर होता, पुण्याचा.

"का रं? गवत कापलं तर तुझ्या बापाचं काय जातंय?"

"गवताचं नाही हो. ते पाणी बघा. बांधाच्या आतून येतंय."

"येऊ दे की. धरनाखाली बी झिरपतंय."

"स्वच्छ पाणी झिरपलं तर एक वेळ ठीक. हे गढूळ आहे, मावशी. म्हणजे पाणी येताना बांधातली माती सोबत घेऊन येतंय. बांध आतून पोखरला जातोय." त्यानं फोननं त्या ओल्या जागेचे फोटो काढले.

रंभाबाई उठून उभी राहिली. "पावसाळ्यात काय व्हईल?"

"पाऊस बेताचा झाला तर काही नाही."

"आन आपल्या मुळशीत बेताचा पाऊस कवा पडतोय?"

सौरभनं वर काठाकडे पाहिलं.

"जादाचं पानी जायला वाट कुटंय?"

"एक पाइप आहे. तुंबलाय. काठावर सांडवा हवा होता, तो केलाच नाही."

"सायबाला सांगितलंस?"

"दोनदा. म्हणाले, या सीझनच्या ऑर्डरी जाऊ दे, मग बघू."

"मंग तू हितं काय करतोयस?"

"नोकरी," तो इतक्या हळू म्हणाला की ते तिला ओठांवरून कळलं.

रंभाबाईनं मान वर करून बांधाकडे पाहिलं. मग मागे वळून खाली पाहिलं. घळ सरळ उतरत गेली होती आणि घळीच्या तोंडाशी, उन्हात चकाकत, तिच्या खोल्यांचे पत्रे होते. गावठाण तर उंचावर होतं, बाजूला. बांध फुटला तर पहिल्यांदा कुणावर येणार, हे कळायला शिकायची गरज नव्हती. आणि त्या माणसांकडून दर महिन्याला भाडं घेत होती ती स्वतः.

कापलेला भारा तिनं तिथंच टाकला आणि म्हशीला हाकत तशीच दादासाहेबाच्या दारात गेली.

दादासाहेब नव्या बंगल्याच्या पडवीत झोपाळ्यावर बसला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वैनी, कंपनीचे मोठमोठे इंजिनेर हायेत. त्यास्नी कळत न्हाई, आन तुमास्नी कळतंय व्हय?"

"त्यास्नी कळतंय म्हनून तर सांगतेय. त्यांच्याच मानसानं सांगितलंय मला."

"कोन? त्यो सौरभ? काल आलेलं पोर त्ये. घाबरट हाय."

"तुमी घाबरा की मंग जरा! तुमचा बंगला वर हाय म्हनून झोपाळा हालतोय तुमचा. खाली तान्ही पोर घिऊन मानसं झोपत्यात."

"ती मानसं काय आपल्या गावची हायेत? आज हितं, उद्या दुसरीकडं. तुमी कशाला जीव जाळताय?"

रंभाबाईच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. "भावजी," ती म्हणाली, "तुमच्या आईनं तुमाला मानूस म्हनून जल्माला घातलं. तिच्यासाठी तरी तोंड आवरा."

ग्रामसभा भरली ती भैरोबाच्या सभामंडपात. रंभाबाईनंच तलाठ्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांच्या दाराशी उभं राहून ती भरवायला लावली. कंपनीकडून सौरभलाच पाठवलं होतं, सोबत एक साहेब, बसायला आणि ऐकायला. सौरभ उभा राहिला, साहेबाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "बांधाची नियमित तपासणी चालू आहे. काळजीचं तातडीचं कारण नाही."

"आरं ए!" रंभाबाई ओरडली. "मला काय म्हनालास तितं? पोखरतोय म्हनालास न्हवं का?"

सौरभ खाली बसला.

"तुझ्या बहिनीला ठेवशील का माझ्या खोलीत पावसाळाभर? सांग की! ठेवशील?"

साहेब घड्याळ बघायला लागला. आणि मग गावच उलटलं. कुणाचा हायवा प्लांटवर चालत होता, कुणाचा पोरगा वजनकाट्यावर होता, कुणाची खानावळ ड्रायव्हरांवर उभी होती. "चालत्या गाड्याला खीळ घालायची सवयच हाय हिला," मागून कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "भाडं वाढवायचं आसंल, दुसरं काय!" दादासाहेब हसत हसत म्हणाला, "वैनीस्नी पित्त झालंय. वाईच ताक पाजा कुनीतरी." सगळा मंडप हसला. कोंडिबा खांबाला टेकून बसला होता. तो हसला नाही, पण काही बोललाही नाही. त्याचा तिला जास्त राग आला.

सभा उठल्यावर ती घरी गेली नाही. तडक खोल्यांवर गेली आणि प्रत्येक दार वाजवलं.

"खोली खाली करा. जेष्ठ लागायच्या आत."

बिहारचे आणि ओडिशाचे लोक एकमेकांकडे बघत राहिले. त्यांना कारण कळलं नाही, तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत डोंगराकडे हात करून सांगितलं, "वो बंधारा टूटेगा. मरेंगे सब." काहींना पटलं, काहींना नाही, पण मालकीणच काढते म्हटल्यावर वाद कोण घालणार? तिनं आगाऊ घेतलेले पैसे परत केले आणि आठ-पंधरा दिवसांत बोजे बांधून माणसं पिरंगुटकडे गेली. जाताना एक म्हातारा ओडिया तिच्या पाया पडायला वाकला, तर तिनं त्याला झिडकारलं. तिला आपण काहीतरी घाण काम करतोय असं वाटत होतं, आणि ते ज्यांनी करायला लावलं त्यांचा राग या गरीब माणसांसमोर बाहेर पडत होता.

वाल्मीक मात्र हटला नाही.

"मी जाणार न्हाई," तो दारात उभा राहून म्हणाला. "रोज त्या बांधावरनं गाडी घालतोय मी. मला काय डोळे न्हाईत? तुमाला दुसरं गिऱ्हाईक भेटलं आसंल, तसं सांगा."

"गाढवा, बांधावर गाडी तू घालतोयस, पर खाली बायको झोपतीय."

"ओली बाळंतीण घिऊन मी कुटं जाऊ? कोन खोली देतंय?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिनं स्वतः दोन-तीन ठिकाणी विचारलं. तान्हं मूल म्हटलं की लोक नाही म्हणायचे. मग ती म्हणाली, माझ्या घरी चला. वाल्मीकला तो अपमान वाटला. भाडं देतो, मेहेरबानी नको, म्हणाला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर रंभाबाई पहार, पाना आणि शिडी घेऊन आली. कोंडिबाला शिडी धरायला लावली. कोंडिबा म्हणत होता, "आगं, लोक काय म्हनतील? आपल्याच हातानं आपलं—" ती वर चढलीसुद्धा. शेवटच्या खोलीपासून सुरुवात केली. गंजलेले बोल्ट पान्याला दाद देईनात, तेव्हा तिनं पत्र्याखाली पहार घातली आणि उचकटला. असा आवाज झाला की गावठाणातली माणसं बाहेर आली. पत्रा वाकून खाली पडला. आतून मुलगी किंचाळली आणि अपेक्षा तिला छातीशी धरून बाहेर धावली.

"बया तू हायेस का कोन हायेस! माझं लेकरू मांडीवर हाय आन तू डोक्यावरचं छप्पर काढतीस?"

"लेकरू हाय म्हनूनच काढतीय!" रंभाबाई वरून ओरडली. तिचा पदर सुटला होता, तळहातातून रक्त येत होतं. "काढू दे मला! तुमी जानार न्हाई, त्यो बांध तुमास्नी इचारून फुटनार न्हाई! दे शिव्या, दे!"

अपेक्षानं दिल्या. बीडकडच्या शिव्या मावळातल्या शिव्यांपेक्षा लांबलचक असतात, हे वाडीला त्या दिवशी कळलं. रंभाबाई एकेक ऐकत होती आणि एकेक पत्रा उचकटत होती. स्वतः विटा वाहून उभं केलेलं स्वतःच्या हातानं उघडं पाडताना तिला रडू फुटत होतं, आणि रडू आलं की ती पहार आणखी जोरात मारत होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या खोल्यांवर आभाळ आलं. गाव उभं राहून बघत होतं. "पार डोकं फिरलं," असं म्हणून एकेक जण घरी गेला.

वाल्मीक परत आला तेव्हा अपेक्षा नाइलाजानं रंभाबाईच्या ओसरीवर बसली होती. तो रंभाबाईशी एक शब्दही बोलला नाही. बायकोला आणि मुलीला तिथं ठेवून तो प्लांटच्या शेडमध्ये राहायला गेला. अपेक्षा घरात राहिली, पण रंभाबाईनं केलेला डिंकाचा लाडू तिनं तोंडाला लावला नाही. कोंडिबानं दिला की खायची. दोघी एकाच चुलीपुढे पाठ फिरवून बसायच्या. मुलीला न्हाऊ घालायला मात्र अपेक्षाला यायचं नाही, ते काम रंभाबाई करायची, आणि तेवढ्यापुरतं दोघींत बोलणं व्हायचं. "पानी ऊन हाय." "बरं."

ज्येष्ठ सरला, आषाढही बऱ्यापैकी गेला. बांध होता तसाच होता. लोक येता-जाता विचारायचे, "काय रंभाबाई, फुटला का बांध?" पोकलेननं पायथ्याच्या ओलीवर चार ट्रॉल्या मुरूम टाकला होता. ती ओल झाकली गेली, एवढाच त्याचा उपयोग. रंभाबाई तीनदा पौडला तहसील कचेरीत जाऊन आली. कारकून म्हणायचा, अर्ज पोचलाय. एकदा ती म्हणाली, "अर्ज पोचला, आता तुमी कवा पोचताय?" त्यानं खिडकी लावून घेतली.

श्रावण लागला आणि पावसानं ठाण मांडलं. डोंगर दिसेनासा झाला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी रंभाबाईचा फोन वाजला.

"मावशी, सौरभ बोलतोय. पाणी काठाला आलंय. पाइप चालत नाहीये. बांधाच्या मधोमध भेग पडलीय. मी साहेबांना सांगितलं, ते म्हणतात घाबरवू नको लोकांना. ओढ्याकाठी कुणाला थांबू देऊ नका."

"आन वर जी मानसं हायेत?"

"मी त्यांना काढतोय. वाल्मीकला लोडरवरून खाली उतरवलाय. येतच नव्हता."

तिनं फोन ठेवला आणि भर पावसात बोंब ठोकत सुटली. ओढ्यावर कपडे धुवायला बायका गेल्या होत्या, तिनं त्यांच्या बोचक्यांना लाथ घातली. खाचरात आवणीचं, भातलावणीचं काम चाललं होतं. दादासाहेबाच्याच शेतात मजूर लागले होते. मुकादम म्हणाला, "मालकास्नी इचारतो." तिनं त्याच्या हातातली रोपांची जुडी हिसकावून चिखलात फेकली. "मालकाला जिता ऱ्हाऊन इचार!" मजूर बाया तिच्या आवाजाला भ्यायल्या की शहाणपणानं उठल्या, कोण जाणे, पण उठल्या. वर गावठाणाच्या चढावर येऊन सगळे उभे राहिले, कुरकुरत, भिजत. बराच वेळ काही झालं नाही. लोक हसायच्या बेतात होते.

मग आवाज आला. फुटल्याचा नव्हे, ओढल्यासारखा. जड पोती जमिनीवरून ओढावीत तसा. घळीतून पाणी आलंच नाही. आली ती राखाडी भिंत, संथ वाटावी अशी, आणि तिच्या अंगात झाडं आडवी उभी होत होती. तिनं ओढा भरला, खाचरं भरली, जिथं मजूर बाया वाकल्या होत्या तिथून ती गेली आणि रंभाबाईच्या खोल्यांच्या एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली. शेवटच्या खोलीची भिंत बसली. बाकीच्या खोल्या खिडकीच्या वरपर्यंत भरल्या. अपेक्षा मुलीला घेऊन पुढं आली, त्या खोलीकडे बघितलं आणि मुलीच्या डोक्यावर पदर ओढला. रंभाबाईकडे तिनं पाहिलं नाही.

संध्याकाळी प्लांटवरची माणसं वरच्या वाटेनं फिरून खाली आली. सगळी होती. वाल्मीकही होता.

खरा राग तर पुढे आला. दुसऱ्या दिवशी गाड्यांची रांग लागली. कंपनीचा मोठा साहेब छत्रीखाली उभा राहून फोनवर सांगत होता, "मायनर आहे. ढगफुटी झाली. जीवितहानी शून्य." दादासाहेब त्याच्या बाजूला. त्याची स्वतःची खाचरं गेली होती, तरी तो म्हणाला, "देवाची किरपा. भैरोबानं राखलं."

रंभाबाई गाळ तुडवत त्याच्यासमोर आली. "भैरोबा चढला व्हता का पत्रे काढाय? ह्ये बघ हात माझे!" दीर म्हणून ती त्याला आजवर कधी अरे-तुरे बोलली नव्हती. "कुनी मेलं न्हाई म्हनून भागलं व्हय तुमचं? कोन मेलं न्हाई त्ये मोजताय, का मेलं न्हाई त्ये इचारा की! मानसं काढली मी, शिव्या खाल्ल्या मी, आन जीवितहानी शून्य म्हनून मिरवनार ह्यो छत्रीवाला?"

साहेब म्हणाला, "बाई, तुमच्या नुकसानीचं आम्ही बघतो. आजच जेसीबी लावून खोल्या साफ करून देतो."

आणि जेसीबी आलाच, इतक्या तत्परतेनं की रंभाबाई चमकली. उद्या जिल्ह्याहून पाहणीला अधिकारी यायचे होते. त्याआधी गाळ उचलायचा, घळ चोपडी करायची, मग कुणाला काय दिसणार? ओढ्याला पूर आला, एवढंच. ती जाऊन जेसीबीच्या बकेटीपुढं उभी राहिली.

"ह्यो गाळ हितंच ऱ्हानार. माझ्या घरातला हाय, माझा हाय."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. दादासाहेब ओरडला, "वैनी, बाजूला व्हा! कोंडिबा, घिऊन जा हिला!" कोंडिबा आला, आणि तिच्या शेजारी उभा राहिला. "दादा," तो धाकट्या भावाला म्हणाला, "आता न्हाई चालत."

तेवढ्यात गर्दीतून वाल्मीक पुढे झाला. ड्रायव्हर त्याच्या ओळखीचा, रोज एका डब्यात जेवणारा. वाल्मीक केबिनवर चढला, हात आत घातला आणि इंजिन बंद केलं. "माझी पोरगी झोपायची तितं," त्यानं त्या बसलेल्या भिंतीकडे बोट केलं. "उद्यापतूर कोन हात लावतंय बघतो." मग एकेक करत आवणीवरच्या मजूर बाया येऊन बसल्या. त्यांच्यात दादासाहेबाचा मुकादमही होता.

अधिकारी आले तेव्हा गाळ जागच्या जागी होता. खिडकीपर्यंत. सौरभही आला, त्या दिवशी टोपी न घालता. साहेबासमोरच त्यानं सगळं सांगितलं, केव्हा पाझर पाहिला, कुणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं. बोलून झाल्यावर तो रंभाबाईकडे आला. तिनं त्याला माफ वगैरे केलं नाही. म्हणाली, "ह्येच ग्रामसभेत बोलला आस्तास तर माझ्या खोल्या तरी गेल्या आस्त्या का? तळं उपसलं आस्तं आदी." तो म्हणाला, "हो, मावशी." नंतर पोळी-भाजी मात्र तिच्याच घरी खाऊन गेला.

वाळू धुणं बंद झालं. घळीतला उरलेला गाळ उपसायचा, दगडी पायाचा बांध आणि त्याला रुंद सांडवा करायचा, आणि पाहणी झाल्याशिवाय यंत्र फिरवायचं नाही, असा हुकूम झाला. कंपनीनं वरपर्यंत धडपड करून पाहिली, पण बांधाचे आणि गाळाचे फोटो सगळीकडे गेले होते. वर्षानं प्लांट पुन्हा चालू झाला. डंपर पुन्हा धावायला लागले आणि वाडीतले बरेच लोक रंभाबाईवर रागावलेलेच राहिले, कारण ते वर्ष त्यांना कडक गेलं होतं. दादासाहेबानं भावकीतल्या लग्नाला तिला बोलावलं नाही. ज्यांच्या बायका ओढ्यावरून तिनं हाकलल्या होत्या, त्यांतले काही जण अजून म्हणतात, नशीब चांगलं म्हणून वाचलो. वाल्मीक आणि अपेक्षा पिरंगुटला खोली घेऊन राहतात. अपेक्षानं कधी आभार मानले नाहीत. मुलीच्या जावळाला मात्र रंभाबाईला आत्याच्या मानानं बसवलं, आणि तिथंही दोघी कशावरून तरी भांडल्या.

त्या जागेवर रंभाबाईनं पुन्हा खोल्या बांधल्या नाहीत. बांध कितीही पक्का केला तरी त्याच्याखाली माणूस झोपवायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं. पण बांधाची पाठ तिनं सोडली नाही. दर पावसाळ्याआधी पाहणी व्हायची असा नियम झाला होता आणि नियम कागदावरच झोपतो, हे तिला माहीत होतं. यंदा मृग आला तरी कुणी फिरकलं नाही, तेव्हा ती एसटीनं पौडला गेली. टेबलामागे नवा अधिकारी होता, बोलायला मऊ.

"मावशी, आता तर बांध नवा झालाय. सगळं व्यवस्थित आहे. एवढं चिडायचं काय त्यात?"

"व्यवस्थित हाय ह्ये तुमाला कुनी सांगितलं?"

"कंपनीनं कळवलंय तसं."

रंभाबाईनं हातातली छत्री त्याच्या टेबलावर आपटली. बाजूचा चहा लवंडला. कचेरीतली सगळी माणसं वळून बघायला लागली.

"मागल्या येळंला बी तिनंच कळवलं व्हतं," ती म्हणाली. "उटा. गाडी काढा. मी म्होरं बसते, वाट दावते."

अधिकाऱ्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा लवंडलेल्या चहाकडे. मग शिपायाला हाक मारून ड्रायव्हर कुठाय ते विचारलं.